म्युनिकची शिदोरी : एका मनाईतून जन्मलेला हक्क

"बाहेरील खाद्यपदार्थ आत आणण्यास सक्त मनाई आहे." ही पाटी उपाहारगृहापासून चित्रपटगृहापर्यंत सर्वत्र आढळते आणि तिच्यात कोणाला फारसे वावगेही वाटत नाही. जो जागा देतो आणि पेय विकतो, त्यानेच अन्नही विकावे, हा व्यापाराचा सरळ न्याय.

जर्मनीच्या दक्षिणेकडील बव्हेरिया प्रांतात मात्र हा न्याय उलटा चालतो. राजधानी म्युनिकमधील बिअर-बागांत माणसे घरून टोपली भरून आणतात. पाव, चीज, उकडलेली अंडी, मिठात मुरवलेल्या मुळ्याच्या चकत्या असे सारे बाकावर मांडतात, स्वतःचे कापड अंथरतात आणि मालकाकडून विकत घेतात ती फक्त बिअर. मालकाचीही त्यास हरकत नसते. ही त्याची मेहेरबानी नव्हे. बागेत बसणाऱ्याचा तो हक्क आहे आणि त्याची नोंद सरकारी नियमावलीत आहे.

एखादे मद्यगृह केवळ तेथील बिअरसाठी पाहण्याजोगे असते, की तेथे कोण, कशाच्या जोरावर आणि किती हक्काने बसू शकतो यासाठी? म्युनिकचा इतिहास दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवतो. तो इतिहास उलगडणारा हा धागा.

आरंभ यीस्टपासून करावा लागेल. बव्हेरियातील बिअर ज्या यीस्टने आंबवली जाते ते थंडीत काम करणारे. साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली, भांड्याच्या तळाशी बसून, आठवड्यांच्या हिशेबाने ते आपले काम उरकते. तापमान वाढले की परके जंतू शिरतात आणि बिअर आंबट होते. जंतू म्हणजे काय हे एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांनी दाखवून देईपर्यंत कोणास ठाऊक नव्हते. पण हिवाळ्यात केलेली बिअर टिकते आणि उन्हाळ्यातली बिघडते, एवढे प्रत्येक मद्यकाराला अनुभवाने कळलेले होते.

१५१६ साली २३ एप्रिल रोजी इंगोलश्टाट येथे ड्यूक विल्हेल्म चौथा आणि त्याचा भाऊ लुडविग दहावा यांनी काढलेले फर्मान 'शुद्धतेचा कायदा' म्हणून जगप्रसिद्ध आहे. बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये, हे त्यातील एकच वाक्य सर्वांना पाठ असते. फर्मानाचा आरंभ मात्र दरांपासून होतो. मिखाएलच्या सणापासून (२९ सप्टेंबर) जॉर्जच्या सणापर्यंत (२३ एप्रिल) एका मापाला १ फेनिगपेक्षा अधिक घेऊ नये आणि उन्हाळ्यात २ फेनिगपेक्षा अधिक नको. म्हणजे हिवाळी बिअर स्वस्त आणि उन्हाळी महाग, हा भेद राज्यकर्त्यांच्या मनात तेव्हाच पक्का होता. शुद्धतेच्या गौरवात ही दरांची बाजू झाकोळली गेली, हे खरे तर नवल.

पुढे सोळाव्या शतकातच उन्हाळ्यात बिअर बनवण्यावर बंदी आली. कारणे दोन. एक, बिघडलेली बिअर. दुसरे, आग. मद्यनिर्मितीत तासन्‌तास पेटती भट्टी लागते आणि दाट वस्तीच्या लाकडी छपरांच्या शहरात उन्हाळ्यातली एक ठिणगी पुरेशी असे. त्यामुळे मिखाएल ते जॉर्ज हा बिअर गाळण्याचा हंगाम ठरला. पावसाळ्यात मासेमारी बंद असावी, तसा हा प्रकार.

पण बंदीने तहान थांबत नाही. उन्हाळ्यातले पाच महिने लोकांना पाजायचे काय? मार्चमध्ये, हंगाम संपता संपता, मद्यकार अधिक कडक आणि अधिक हॉप्स घातलेली बिअर मोठ्या प्रमाणावर करून ठेवू लागले. मार्च महिन्यावरूनच तिचे नाव पडले, 'मेर्झेन'. ही बिअर सप्टेंबरपर्यंत थंड ठेवणे, हा आता मुख्य प्रश्न झाला.

उत्तर जमिनीखाली होते, पण शहराच्या पोटात नव्हे. म्युनिक खडीच्या मैदानावर वसलेले. थोडे खणले की पाणी लागते, त्यामुळे शहरात खोल तळघर काढणे अवघड. मद्यकार गावाबाहेर पडले आणि इझार नदीच्या उंच काठावर, हायडहाउझेन आणि आउ या भागांत, तसेच पश्चिमेकडील चढावर त्यांनी कमानींची विस्तीर्ण तळघरे बांधली. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरचा आणि नदीवरचा बर्फ करवतीने कापून गाड्यांतून आणायचा, तळघरात रचायचा आणि त्याच्या जोरावर उन्हाळा काढायचा.

तळघराच्या माथ्यावर ऊन पडता कामा नये. म्हणून वर पांढरट खडी पसरली गेली आणि हॉर्स-चेस्टनटची झाडे लावली गेली. हे झाड मूळचे बाल्कन प्रदेशातले, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य युरोपात आलेले. त्याची निवड सौंदर्यदृष्टीने झाली नव्हती. पाने पंजासारखी रुंद असल्याने सावली गर्द पडते आणि मुळे उथळ पसरत असल्याने खालच्या कमानींना धोका पोहोचत नाही. आज ज्या झाडांखाली छायाचित्रे काढण्यासाठी पर्यटक गर्दी करतात, ती मुळात शीतगृहाचा एक भाग होती.

एव्हाना जे घडणार होते ते उघड आहे. खाली थंड बिअर, वर गर्द सावली, आणि शहर पायी जाण्याच्या अंतरावर. मद्यकारांनी खडीवर साधी टेबले आणि बाके टाकली आणि पिंपातून थेट मगात बिअर ओतून विकायला सुरुवात केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी म्युनिककर टेकडीकडे चालू लागले. बिअर जेथे साठवली आहे तेथेच प्यायची, मध्ये वाहतूक नाही, दलाल नाही, ऊन नाही. यापेक्षा ताजी बिअर मिळणे शक्यच नव्हते.

यात एक वर्ग भरडला गेला, तो शहरातल्या खानावळवाल्यांचा. त्यांचा धंदा मद्यकारांकडून बिअर घेऊन, ती जेवणासोबत विकण्याचा. ज्याच्याकडून माल घ्यायचा तोच आता गिऱ्हाईकही पळवू लागला, आणि तेही नेमके उन्हाळ्याच्या ऐन विक्रीच्या दिवसांत. तक्रारी दरबारी गेल्या. त्यांची बाजू कमकुवत नव्हती, हे मान्य करायला हवे. उत्पादकाने किरकोळ विक्रीत उतरावे की नाही, हा वाद आजही अनेक देशांच्या मद्यकायद्यांत धगधगतो आहे.

निवाडा करायचा होता मॅक्सिमिलियन पहिला जोसेफ याला. नेपोलियनच्या आशीर्वादाने १८०६ साली बव्हेरिया राज्य झाले आणि हा त्याचा पहिला राजा. (१८१० साली त्याच्या मुलाच्या, युवराज लुडविगच्या, लग्नानिमित्त शहराबाहेरील कुरणावर घोड्यांची शर्यत झाली. तिचाच पुढे ऑक्टोबरफेस्ट झाला. एका घराण्याने बिअरच्या इतिहासाला किती द्यावे!)

४ जानेवारी १८१२ रोजी राजाज्ञा निघाली. तिचा आशय असा : म्युनिकच्या मद्यकारांनी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्या तळघरांवर स्वतः बनवलेली मेर्झेन बिअर किरकोळीने विकावी. गिऱ्हाइकाला बिअर आणि पाव द्यावा. इतर कोणतेही खाद्य वा पेय देण्यास मात्र स्पष्ट मनाई.

तडजोड मोठी चतुर होती. मद्यकाराला बिअर मिळाली, खानावळवाल्याला जेवण राहिले. गिऱ्हाईक तळघरावर एखादा मग पिईल, पण भूक लागली की शहरात परत येईल, हा हिशेब.

हिशेब चुकला तो एकाच ठिकाणी. म्युनिककर शहरात परतलेच नाहीत. ते शिदोरी घेऊन आले.

राजाज्ञेने मद्यकाराला अन्न विकण्यास मनाई केली होती, गिऱ्हाइकाला अन्न आणण्यास नव्हे. त्या एका फटीतून एक संपूर्ण संस्कृती आत शिरली. घरी केलेले पदार्थ, बाजारातून घेतलेले चीज, पातळ चक्राकार कापून मीठ लावून 'रडवलेला' पांढरा मुळा. मुळ्याला मीठ लावले की पाणी सुटते, त्याला बव्हेरियन बोलीतही मुळा रडतो असेच म्हणतात. मराठी स्वयंपाकघरात कोशिंबिरीसाठी मुळा किसून पिळणाऱ्या कोणालाही ही क्रिया परकी वाटू नये.

येथे या संस्थेचे खरे वैशिष्ट्य दिसू लागते. खानावळीत बसायचे तर जेवणाचे पैसे मोजावे लागतात आणि त्यामुळे दारातच माणसांची वर्गवारी होते. तळघरावर मात्र एका मगाच्या किमतीत संध्याकाळभर बसता येई. ज्याच्या टोपलीत भाजलेली कोंबडी आहे तो आणि ज्याच्या रुमालात कोरडा पाव आहे तो, दोघेही एकाच लांब बाकावर. जागा राखून ठेवण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे अनोळखी माणसाशेजारी बसणे अपरिहार्य. स्त्रिया आणि मुलेही येत. माक्स लिबरमान या चित्रकाराने १८८४ साली रंगवलेल्या 'म्युनिकची बिअर-बाग' या चित्रात हीच सरमिसळ दिसते : पानांतून गळणारा प्रकाश आणि त्याखाली दाटीने बसलेली सर्व वयांची माणसे.

अर्थात हे चित्र फार गोड करून घेण्याचे कारण नाही. बिअर हा बव्हेरियात राजकारणाचा विषय होता. १८४४ च्या मे महिन्यात राजा लुडविग पहिला (ज्याच्या लग्नाची ती घोड्यांची शर्यत, तोच) याच्या राजवटीत बिअरचे दर वाढले, तेव्हा म्युनिकमध्ये जमावाने मद्यनिर्मितीगृहांची मोडतोड केली. सैन्यानेही दंगेखोरांवर चालून जाण्यास फारशी उत्सुकता दाखवली नाही आणि दर खाली आणावे लागले. या दंग्याची बातमी इंग्लंडमधील एका कामगार-पत्रात तरुण फ्रेडरिक एंगेल्सने लिहिली होती. ब्रेडसाठी दंगे करणारे पॅरिस सर्वांना माहीत असते. मगभर बिअरसाठी राजाला नमवणारे म्युनिक मात्र फारसे कोणी आठवत नाही.

आता वळण येते ते यंत्राचे. म्युनिकच्या तंत्रशाळेत कार्ल फॉन लिंड हे प्राध्यापक होते. कृत्रिम थंडीवरील त्यांचे लेखन श्पाटेन या मद्यनिर्मितीगृहाचे मालक गाब्रिएल झेडलमायर यांच्या नजरेस आले आणि १८७३ च्या सुमारास लिंड यांचे प्रायोगिक शीतयंत्र तेथेच बसवले गेले. पुढच्या यंत्रांत त्यांनी अमोनिया वापरला आणि १८७९ साली स्वतःची कंपनी काढली. आज घराघरांत असलेल्या फ्रिजच्या पूर्वजांपैकी एक, असा हा बिअरच्या पिंपांशेजारी उभा राहिला होता.

यंत्र आले आणि तळघर निरुपयोगी झाले. बर्फ कापणे संपले, मार्चची घाई संपली, हंगामाची अटही अर्थहीन झाली. वर्षभर कोठेही बिअर करता येऊ लागली. इतिहासाच्या नियमानुसार वरची बागही येथेच संपायला हवी होती. कारण नाहीसे झाल्यावर कार्य उरू नये.

ते उरले. खालची तळघरे रिती झाली, काही बुजवली गेली, पण वरची झाडे आणि बाके तशीच राहिली. भाषेनेही हा धागा जपला. उत्तरेकडील फ्रँकोनियात आजही लोक बिअर प्यायला 'तळघरावर' जातात, 'तळघरात' नव्हे. परक्याला ही व्याकरणाची चूक वाटते. पण माणूस खरोखरच तळघराच्या डोक्यावर बसलेला असतो. म्युनिकमध्येही बागांच्या नावात 'केलर', म्हणजे तळघर, हा शब्द टिकून आहे. आउगुस्टिनर-केलर ही सुमारे ५,००० आसनांची बाग त्यांपैकीच एक.

मद्यकारांवरील अन्नविक्रीची मनाई पुढे उठली आणि बागांत स्वयंपाकघरे आली. तेव्हा मालकांनी शिदोरीवर बंदी घातली असती तर व्यापाराच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते. पण तोवर पिढ्यान्‌पिढ्या लोकांना सवय जडली होती आणि सवयीचे रूपांतर हक्कात झाले होते. त्यातून एक मूक संकेत रुजला, जो आजही पाळला जातो. ज्या टेबलावर कापड अंथरलेले आहे तेथे वाढपी येतो, तेथे मालकाचेच जेवण घ्यायचे. उघड्या लाकडी टेबलावर शिदोरी सोडावी. पाटी लागत नाही, सांगावे लागत नाही. हिर्शगार्टन या सुमारे ८,००० आसनांच्या बागेत तर माणूस फळीवरचा दगडी मग स्वतः उचलतो, नळाखाली धुतो आणि मग पिंपाकडे जातो.

या खुलेपणाची एक काळी बाजू आहे आणि ती वगळून हा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तळघरांवर केवळ बागा नव्हत्या, मोठमोठी सभागृहेही उभी राहिली होती. हजारो माणसे बसतील, बिअर मिळेल आणि भाडे परवडेल अशी दुसरी जागा शहरात नव्हती, त्यामुळे सर्वच पक्षांच्या सभा तेथे होत. हायडहाउझेनमधील ब्युर्गरब्रॉयकेलर हे त्यांपैकी एक. ८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री गुस्टाव्ह फॉन कार यांची सभा चालू असताना हिटलर सशस्त्र माणसांसह आत घुसला, त्याने छताकडे गोळी झाडली आणि राष्ट्रीय क्रांतीची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात ते बंड कोसळले. चार पोलिसही त्यात मरण पावले.

सत्तेवर आल्यावर हिटलर दरवर्षी त्याच सभागृहात त्या रात्रीचा सोहळा करी. हे हेरून गेओर्ग एल्सर नावाच्या एका सुतारकाम करणाऱ्या कारागिराने १९३९ साली तीसहून अधिक रात्री तेथे लपून काढल्या आणि व्यासपीठामागचा खांब पोखरून त्यात कालस्फोटक बसवला. संध्याकाळी तो साध्या गिऱ्हाइकासारखा तेथे जेवायला येई आणि दारे बंद होण्याआधी लपून राही. जी जागा कोणालाही बसू देते, ती हुकूमशहालाही बसू देते आणि त्याच्या मारेकऱ्यालाही. ८ नोव्हेंबर १९३९ रोजी रात्री ९ वाजून २० मिनिटांनी स्फोट झाला. हिटलर त्याच्या १३ मिनिटे आधी निघून गेला होता. आठ माणसे मेली. एल्सरला ९ एप्रिल १९४५ रोजी डाखाउ छळछावणीत ठार करण्यात आले. ते सभागृह १९७९ साली पाडले गेले.

युद्धात म्युनिक बेचिराख झाले. इंग्लिश गार्डनमधील लाकडी चिनी मनोरा, ज्याच्या पायथ्याशी शहरातील दुसरी मोठी बाग भरते, १९४४ च्या जुलैत जळाला आणि १९५२ साली जुन्या आराखड्यानुसार पुन्हा उभा राहिला.

आणि मग, शांततेच्या काळात, या बागांवर एक अगदी वेगळे संकट आले : शेजाऱ्यांच्या झोपेचे.

म्युनिकच्या दक्षिणेस, इझारच्या काठावर ग्रोसहेसेलोहे येथे 'वाल्डविर्टशाफ्ट' नावाची जुनी बाग आहे. तेथील जॅझ संगीत आणि मोटारींची वर्दळ यांविरुद्ध काही रहिवासी न्यायालयात गेले आणि बाग रात्री साडेनऊलाच बंद करावी लागणार अशी वेळ आली. युरोपच्या उन्हाळ्यात साडेनऊला पुरता अंधारही पडत नाही. १२ मे १९९५ रोजी २०,००० हून अधिक माणसे म्युनिकच्या रस्त्यांवर उतरली. वृत्तपत्रांनी त्यास 'बिअर-बाग क्रांती' म्हटले. नाव गमतीचे असले तरी प्रश्न गमतीचा नव्हता : सार्वजनिक जागेवर बसण्याचा अनेकांचा हक्क मोठा, की आपल्या घरात निजण्याचा काहींचा?

एडमुंड श्टोइबर यांच्या राज्य सरकारने त्याच वर्षी बागांना उशिरापर्यंत मुभा देणारी नियमावली काढली. ती १९९९ च्या जानेवारीत संघराज्याच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रद्द ठरवली. शेजाऱ्यांच्या रात्रीच्या शांततेचा तीत पुरेसा विचार नव्हता. लोकभावना कितीही प्रबळ असली तरी कायद्याला दुसरी बाजू ऐकावीच लागते, हे न्यायालयाने ठणकावले आणि ते योग्यच केले.

२० एप्रिल १९९९ रोजी सुधारित नियमावली आली. तिला आधी एक प्रश्न सोडवावा लागला : ही सवलत नेमकी कोणाला? प्रत्येक हॉटेलवाला अंगणात चार खुर्च्या टाकून स्वतःला बिअर-बाग म्हणवून घेईल. म्हणून नियमावलीने बिअर-बागेच्या दोन खुणा सांगितल्या. एक, जागेचे बागेसारखे स्वरूप, अर्थात झाडाखाली उघड्यावर बसणे. दुसरी, पाहुण्याला स्वतःचे अन्न आणून तेथे खाण्याची मुभा.

१८१२ साली खानावळवाल्यांच्या रक्षणासाठी घातलेल्या मनाईची सावली १८७ वर्षांनी अशी कायद्याच्या व्याख्येत उतरली. जो मालक शिदोरी अडवील, त्याची जागा खानावळ असेल, उपाहारगृह असेल, पण कायद्याच्या लेखी बिअर-बाग नसेल, आणि उशिरापर्यंत उघडे राहण्याची सवलतही त्याला नसेल.

वेळाही ठरल्या. संगीत रात्री १० ला थांबते. साडेदहानंतर नवा मग भरून मिळत नाही. ११ वाजता बाग रिकामी व्हावी लागते आणि आपली टोपली, आपले कापड आणि मुळ्याची देठे ज्याची त्याने उचलायची असतात.